एक बार, बाकी कागदपत्रं

सिंधुदुर्गात ज्या घरी एकनळी बंदूक आहे, त्या घरी दोन अवजड वस्तू असतात. एक ती बंदूक, साधारण पावणेतीन किलोची, आणि दुसरी तिची फाईल. बंदूक खुंटीवर राहते. फाईलला कपाट लागतं.

आमच्या घरच्या फाईलमध्ये अगदी तळाशी १८७८ च्या जुन्या शस्त्र कायद्याखालचा परवाना आहे. त्यावर १९५९ च्या कायद्याखालचे परवाने, मग नूतनीकरणाचे शिक्के, चलनं, पोलीस पाटलाचा दाखला, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, चुलत्यांची ना-हरकत पत्रं आणि सातबारा. बंदुकीला सातबारा कशाला, असं मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात. बंदूक शेतीसंरक्षणासाठी, तेव्हा संरक्षण करायला शेती आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. शेतात पीक उरलंय का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते फक्त रानडुकराला माहीत असतं.

एकनळी म्हणजे घरजावई. वर्षातून एकदा काम करणार, तेही जमलं तर. मानपान मात्र बारा महिने. तेल हवं, कोरडी जागा हवी, सणाला ओवाळणं हवं, आणि पाच वर्षांनी एकदा त्याच्या वतीने कचेरीत रांगेत उभं राहायला आपण हवेत. २०१९ च्या दुरुस्तीआधी ही रांग तीन वर्षांनी यायची. परवान्याची मुदत पाच वर्षं झाली तेव्हा आमचे थोरले काका म्हणाले, "सरकारान शेतकऱ्यासाठी कायतरी केल्यान." कर्जमाफीच्या वेळी ते असं काही बोलले नव्हते.

बंदूकवाल्यांच्या तीन पंगती असतात. शेवटच्या पंगतीत ठासणीवाला. तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, छर्रे सोडायचे, पुन्हा बोळा, गजाने ठोकायचं, मग कानावर केप बसवायची. एवढं होईपर्यंत डुकराचं जेवण आटोपून हात धुवायची वेळ झालेली असते. पण ठासणीवाल्याला हसू नये. १९५९ च्या कायद्याने पिकांच्या रक्षणासाठी म्हणून त्याच्याच बंदुकीचं नाव घेतलेलं आहे. किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीवाल्या बंदुका त्याच कलमात 'संरक्षण किंवा खेळ' यासाठी बसवल्या आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत खरा शेतकरी ठासणीवाला, आणि आम्ही काडतूसवाले थोडे खेळकर.

वरच्या पंगतीत दुनळीवाला. त्याच्याकडे दुसरा बार शिल्लक असतो, म्हणून पहिला तो बेफिकीरपणे काढतो आणि दुसरा चिडून. मधे आम्ही, एकनळीवाले. आमच्याकडे एकच बार. तो चुकला तर खटका फिरवा, नळी खाली पाडा, रिकामं काडतूस नखाने उकरा (ते आपोआप बाहेर ढकलणारा भाग आजोबांच्याच काळात झिजला), दुसरं घाला, नळी मिटा, घोडा ओढा. या भीतीने एकनळीवाला इतका वेळ नेम धरतो, की जनावर कंटाळून निघून जातं. एकनळीवाल्याचा नेम चांगला असतो म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला बार न काढण्याची सवय असते, आणि न काढलेला बार कधी चुकत नाही.

आमची बंदूक बारा बोअरची. बारा म्हणजे काय, यावर ओटीवर दर मे महिन्यात चर्चा होते. मधले काका म्हणतात, बारा मिलिमीटर. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणतात, काडतुसात बारा छर्रे. खरा हिशोब असा, की एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक जेवढ्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोळे केले तर ते लहान होणार, म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक. हे एकदा मी समजावून सांगितलं. गुरुजी म्हणाले, "आकडो वाढता तशी वस्तू बारीक होता? मगे चारशेधा बोअर म्हणजे सुई काय?" चारशेदहा बोअर मुळात बोअरच नव्हे, ती इंचाचा दशांश अपूर्णांक आहे, हे सांगण्याइतकी हिंमत माझ्यात उरली नव्हती.

आमच्या पंचक्रोशीतली प्रत्येक जुनी बंदूक कुणा गोऱ्या साहेबाने कुणाच्या तरी पणजोबांवर खूश होऊन दिलेली आहे. कुठे पणजोबांनी साहेबाला पुरातून वाचवलं, कुठे वाघापासून, कुठे अपचनापासून. सगळ्या कथा खऱ्या धरल्या तर विलायतेला परत जाताना साहेबाकडे टोपीशिवाय काही शिल्लक नसावं. बंदुकीचं कूळ नळीच्या पोटाखाली कोरलेलं असतं. तिकडच्या देशांत नळी विकण्याआधी तिच्यातून मुद्दाम जादा दाबाचा बार काढून बघतात आणि टिकली तर शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचं असं तपासणीघर १८१३ च्या कायद्याने सुरू झालं. लंडनचं त्याहून जुनं. काकांना बर्मिंगहॅमचा शिक्का दाखवायचा म्हणून आम्ही नळी काढून रॉकेलने पुसली. खाली लंबवर्तुळात ई. एल. जी. ही अक्षरं निघाली. म्हणजे माल बेल्जियममधल्या लिएजचा. तिथून त्या काळी जगभर स्वस्तातल्या बंदुका जात. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब बेल्जमचो आसतलो."

साहेब दुसऱ्याच्या हाती बंदूक देताना किती विश्वास ठेवायचा, हे बघायचं तर इजिप्तचं उदाहरण बघावं. तिथल्या गावपहारेकऱ्यांसाठी बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने एकबारी पोलीस बंदूक केली. ती चोरीला गेली तरी चोराच्या उपयोगी पडू नये, म्हणून बाजारात सहज न मिळणाऱ्या चौदा बोअरची. लोकांनी सोळा बोअरच्या काडतुसाला कागद गुंडाळून ते त्यात चालवलं. मग ग्रीनरला पुढच्या नमुन्यात वेगळ्याच आकाराचं काडतूस आणि तीन टोकांची फायरिंग पिन बसवावी लागली. हा किस्सा मी ओटीवर सांगितला, तेव्हा इजिप्तच्या लोकांविषयी सर्वांना एकदम आपुलकी वाटली. मधल्या काकांनी विचारलं, "थय पाऊस किती पडता?"

प्रश्न अस्थानी नव्हता. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, आणि एकनळीचा खरा शत्रू डुक्कर नव्हे, आषाढ आहे. मृगाचा पहिला पाऊस झाला की भिंती घाम गाळू लागतात, पापड वातड होतात आणि नळीवर तांबूस ठिपके दिसू लागतात. पूर्वी बंदूक चुलीच्या वर, धुराच्या टप्प्यात टांगलेली असायची. धुराने तिचा दस्ता काळा पडे, पण लोखंड कोरडं राही. गॅस आला, चूल मागीलदारी गेली आणि बंदुकीचं आरोग्य बिघडलं. मग कुणीतरी प्रेमाने तिला चामड्याची पिशवी शिवून आणली. चामडं ओल धरून ठेवतं. ती पिशवी ज्या वर्षी आली, त्या वर्षी जेवढा गंज चढला तेवढा आधीच्या तीन पिढ्यांत चढला नसेल.

काडतुसांची वेगळी रड. जुनी काडतुसं कागदी नळकांड्याची असत. ती श्रावणापर्यंत फुगत आणि नळीत शिरायला नकार देत. आजीने ती तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. डबा कोरडा, काडतुसं कोरडी. फक्त पाहुण्यांसाठी भात टाकताना सुनेने माप नीट बघून घ्यायचं. आता प्लॅस्टिकची काडतुसं मिळतात, ती फुगत नाहीत. पण त्यांचा एक छुपा डाव आहे, तो जुन्या बंदुका बाळगणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. पुष्कळशा जुन्या विलायती बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचं. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. ती घालताना आरामात बसतात, कारण त्यांचं तोंड दुमडलेलं असतं. बार होताना तोंड उलगडतं, पुढे जागा नसते, आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं, हा आपला राष्ट्रीय नियम इथे लागू नाही. नळीवर बाहेरून घडीघडीची नक्षी दिसत असेल, म्हणजे पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी असेल, तर तिला भिंतीवरच राहू द्यावं. ती काळ्या दारूच्या काळातली.

आता तेलाकडे वळू. गावात तेलाचे तीन संप्रदाय आहेत. खोबरेलवाले, रॉकेलवाले आणि शिवणयंत्राच्या तेलवाले. खोबरेलवाले बहुसंख्य, कारण ते घरचं. पण खोबरेल काही महिन्यांत चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि घोडा ओढला की तो विचार करून पडतो. रॉकेल घाण काढतं, पण उडून जातं आणि लोखंड उघडं टाकतं. शिवणयंत्राचं तेल बरं. त्यासाठी बायकोच्या शिवणाच्या डब्यात हात घालावा लागतो, एवढाच धोका. दस्त्याला जवसाचं तेल चोळावं असं पुस्तकं सांगतात. आमच्या बाजारात जवसाचं तेल मागितलं तर दुकानदार "कोणाक बरा नाय?" असं विचारतो.

तरी तेलाने सगळं भागत नाही, ही गोष्ट आजोबांना ठाऊक होती आणि आम्हाला ठाऊक नव्हती. काळ्या दारूचा जळका अंश आणि जुन्या प्रकारच्या केपांमधून राहिलेला क्षार हे दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. क्षार तेलात विरघळत नाही. वरून तेल चोपडलं की तो तेलाखाली निवांत बसून नळी खातो. त्याला लागतं पाणी, तेही उकळतं. आजोबा बार काढून आले की आधी चुलीवर आधण ठेवायला सांगत. आजीला वाटे चहा. मग ते परसात नळी उभी धरून त्यात ते आधण ओतत, नळी तापून आपली आपण कोरडी होई, मग चिंधी, मग तेल. आजी म्हणे, "घरात आधी तिका गरम पाणी, मगे माणसांका." हे वाक्य आमच्या घरात अजून चालू आहे, फक्त आता ते मोबाईलच्या चार्जरबद्दल म्हणतात.

नळीत शिरणारे पाहुणेही असतात. पावसाळ्याआधी कुंभारीण माशी चिखलाची खोली बांधायला अशीच गोल, अंधारी, शांत जागा शोधत असते. बंदुकीची नळी तिच्या दृष्टीने सोय म्हणूनच केलेली. नळीत मातीची गोळी असताना बार काढला तर नळी फाटते, आणि फाटलेली नळी समोरच्यापेक्षा मागच्याला जास्त त्रास देते. म्हणून काडतूस घालण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. कोळी, माशी, गेल्या दसऱ्याचं झेंडूचं फूल, एकदा तर धाकट्या चुलत भावाने लपवलेली विडी, असं बरंच काही निघतं.

एवढं करून बार कितीदा निघतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ती हाती येईपर्यंत ते डुक्कर आजोबा झालेलं असतं. म्हणून बार आवाजाचा, वर आभाळाकडे. माकडांना हे कळायला एक हंगाम पुरला. छर्ऱ्यांची खरी मजल पस्तीस-चाळीस मीटर. माकडं पन्नासावर बसतात. बंदुकीच्या मालकापेक्षा त्यांना बोअरची कल्पना अधिक असावी. शहाळं सोलता सोलता ती आमच्याकडे बघतात, बार होतो, दोन क्षण सोलणं थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात. इजा होते ती फक्त काकांच्या खांद्याला. काडतूस तेच, पण एकनळी दुनळीपेक्षा हलकी, त्यामुळे तिचा धक्का सणसणीत. काका दुसऱ्या दिवशी शर्टाची दोन बटणं उघडी टाकून निळा खांदा गावभर दाखवत हिंडतात. माकडांचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

कधी बार होतच नाही. घोडा पडतो, 'टक' असा बारीक आवाज येतो आणि शांतता. फायरिंग पिन झिजली की असं होतं. अशा वेळी नळी लगेच उघडायची नसते. केप उशिरा पेट घेऊ शकते, म्हणून तोंड सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. हा अर्धा मिनिट माणसाच्या आयुष्यातला फार लांब काळ असतो. काकांनी तो एकदा डुकरासमोर काढला. डुक्कर पळालं नाही. पुढे काय होतं या उत्सुकतेने तेही थांबलं.

पिन बदलायची म्हणावं तर गावातला लोहार कोयता, विळा, पारय, नांगराचा फाळ सगळं करतो, पण या पिनेला हात लावत नाही. लावू शकत नाही. शस्त्राची दुरुस्ती करायलाही कायद्याने वेगळा परवाना लागतो. परवानेवाला कारागीर घाटावर. त्याच्याकडे न्यायचं तर बंदूक, तिचा परवाना आणि फाईलमधले निवडक कागद, असा सगळा वरातीचा थाट. कारागिराने बंदूक हातात घेतली, उघडली, मिटली, कानाशी धरून हलवली. नळी आणि मागच्या भागाच्या सांध्यात खडखड झाली. "हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला, "वय झालंय." पिन बसवली, दस्त्याच्या तड्यावर पितळी तार गुंडाळली आणि पैसे डॉक्टरपेक्षा थोडे कमी घेतले.

या सगळ्यावर ताण म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. कोणाचा परवाना धोक्याचा आणि कोणाचा नाही हे समितीने एकेक तपासून ठरवावं अशी पद्धत आहे, पण निरोप यायचा तो बहुधा सगळ्यांना सारखाच येतो. २०२४ सालचं वेळापत्रक बघा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. काजू तेव्हा ऐन भरात. निकाल ४ जूनला, म्हणजे पाऊस दारात. मग विधानसभा १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. भात कापणीला आलेलं. निकाल २३ नोव्हेंबरला, तोवर भात कुणाचं घरात, कुणाचं डुकराच्या पोटात. निवडणूक आयोगाची यात चूक नाही, त्यांच्याकडे पिकांचं कॅलेंडर नसतं. डुकरांकडे मात्र निवडणुकीचं असावं.

त्यात त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला. खंडेनवमीला घरच्या रीतीप्रमाणे बंदूक पाटावर निजवून, हळद-कुंकू लावून, नळीत झेंडू खोचून पूजा झाली. ओल्या कुंकवाचा लोखंडावर जिथे टिळा पडतो तिथे गंज पडतो, हे काकूला सांगून उपयोग नसतो. देवाधर्मापुढे लोखंडाची काय किंमत. फूल सुकायच्या आत आचारसंहिता आली. ठाण्यातल्या शिपायाने बंदूक हातात घेतली, नळीत डोळा लावला, आणि आमच्याच गावाकडचा निघाला, म्हणून गंभीर आवाजात म्हणाला, "काका, पुढच्या वेळेक फुलां तेवढी काढून आणा. पावती बंदुकीचीच गावतली."

तिथल्या खोलीत पंचक्रोशीतल्या सगळ्या एकनळ्या सुतळीने बांधलेल्या चिठ्ठ्या गळ्यात अडकवून भिंतीला टेकून उभ्या असतात. साहेबाने दिलेली, वाघ मारलेली, बर्मिंगहॅमची, लिएजची, सगळ्या एका रांगेत, आणि प्रत्येकीवर सारखीच धूळ. निकालानंतर गावात एकमेकांना "कोण आला?" असं विचारतात, तसं बंदूकवाल्यांना "सुटली काय?" असं विचारतात. सुटून आल्यावर ती पुन्हा चिंधी, तेल, आधण. तिकडे गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांचंही हेच गाऱ्हाणं आहे. आम्ही सगळे कर्नाटकातल्या कोडगूकडे हेव्याने बघतो. तिथल्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी चालू ठेवली. त्यांच्या कैलपोळ सणातही बंदुकीची पूजा होते. फरक इतकाच, की त्यांच्याकडे देव्हाऱ्यात बंदूक असते. आमच्याकडे पूजा करायची तर फाईलचीच आधी करायला हवी.

इतका व्याप कुणी का करावा, असं पुढची पिढी विचारते. पुण्यात, बंगळुरात राहणाऱ्या मुलांना बंदूक नको असते. पण दुसऱ्या चुलत भावाला मिळालेली चालत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची सोय आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. मृत्यूची वाट बघावी लागत नाही. हे कलम मी मोठ्याने वाचून दाखवल्यापासून थोरले काका माझ्याशी जरा जपून बोलतात.

माझं मत विचाराल तर रखवालीच्या कामासाठी कुत्रा स्वस्त पडतो, पत्र्याचा डबा बडवणारा गडी त्याहून स्वस्त, आणि सौर कुंपणाला आचारसंहिता लागत नाही. नवी एकनळी कुणी घेऊ नये. पण जुनी आधीच घरात असेल, तर तिला माळ्यावर टाकून विसरूही नका. विनापरवाना पडलेली बंदूक हा गुन्हा आहे, आठवण नव्हे. परवान्यावरची तारीख बघा. नसेल ठेवायची तर रीतसर जमा करा. ठेवायची असेल तर काडतुसाच्या घराची लांबी जाणत्या कारागिराकडून मोजून घ्या. आणि हे सगळं करायला ती खुंटीवरून खाली काढाल, तेव्हा आधी उघडून आत काडतूस नाही ना, तेवढं बघा.